खालची ओळ

मी चौतीस वर्षं पाण्याचे पंप तपासले. कारखान्यात माझं काम एकच, दोष काढायचा. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी खोड गेलेली नाही. घरात या खोडीचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे माझी बायको चित्रलेखा. ती पुण्यात एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. कडक बाई म्हणून नाव होतं. तिच्या हाताखालून शेकड्यांनी मुली गेल्या आणि एकीचाही 'सा' हललेला तिनं खपवून घेतला नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑस्ट्रेलियात टूवूंबाला मुलाकडे राहायला आलो. मिहिर इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, सून नीरजा युनिव्हर्सिटीत शिकवते, नात ईशानी नववीत आहे. मी सत्तराव्या वर्षी इथलं लायसन्स काढलं, तेही पहिल्या फटक्यात, आणि घरचा ड्रायव्हर झालो. चित्रलेखाला मात्र काहीच झालं नाही. ती 'मिहिर्स मम' झाली, तेवढंच. हार्मोनियम इतक्या लांब आणली आणि इथे ती कपड्यांच्या कपाटावर चढून बसली. मुली नाहीत, शाळा नाही, कुणी 'बाई' म्हणून हाक मारत नाही. ती कधी तक्रार करायची नाही, पण दुपारी खिडकीपाशी नुसती बसलेली दिसायची, आणि ते मला आवडायचं नाही.

जानेवारीच्या शेवटी ईशानीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. आपल्या भागात बाहेरून येऊन वसलेल्या लोकांचा वारसा शोधायचा, आणि आपले स्वतःचे लोक घ्यायचे नाहीत. तिनं वेल्श निवडले. का, तर वर्गात दुसऱ्या कुणी निवडले नव्हते. मिहिरची शिफ्ट होती, बस त्या बाजूला जात नाही, म्हणून शनिवारी मी गाडी काढली आणि टूवूंबाचा घाट उतरून तासाभरावरच्या एका गावी आम्ही तिघं पोचलो. इप्सविचच्या अलीकडचं हे जुनं कोळशाच्या खाणींचं गाव. खाणी केव्हाच बंद पडल्या. राहिलंय ते एक लाकडी चॅपेल, म्हणजे प्रार्थनाघर, चार निलगिरीची झाडं आणि एक पत्र्याची शेड.

दारात चौऱ्याऐंशी वर्षांचा एक ताठ म्हातारा उभा होता. ग्लिन प्रिचर्ड. त्याचा आजोबा वेल्समधून खाणकामाला आला होता. मी गप्पा सुरू करायच्या म्हणून म्हणालो, "म्हणजे तुम्ही मूळचे इंग्लिश." त्याच्या भुवया अशा चढल्या की मी एक पाऊल मागे सरलो.

"वेल्श," तो म्हणाला. "आमची भाषा वेगळी, गाणी वेगळी. इंग्लंड शेजारी आहे, त्याला आमचा इलाज नाही."

मला हा माणूस तिथेच आवडला.

त्यानं आम्हाला आत फिरवलं. बाकं दाखवली. रोजच्या प्रार्थनेला कुणीही कुठेही बसावं, पण गाण्याचा दिवस असला की इथे कुटुंबानं एकत्र बसायचं नाही, आवाजाप्रमाणे बसायचं. उंच आवाजाच्या बायका इकडे, खालच्या आवाजाच्या तिकडे, उंच आवाजाचे पुरुष मागे, आणि बेस, म्हणजे खर्जातले पुरुष, भिंतीलगत. नवरा-बायको चुकूनही शेजारी नाहीत. मी म्हणालो, "पद्धत उत्तम आहे." चित्रलेखानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

भिंतीवर एक मोठा फोटो होता. कोळशाच्या धंद्यातली साठेक माणसं, अंगात रविवारचे कोट. हा १९११चा गायकवृंद. मधोमध मिशीवाला होता तो ग्लिनचा आजोबा, इव्हान प्रिचर्ड. त्या साली गावात आइस्टेडव्हॉड भरला होता. आइस्टेडव्हॉड म्हणजे वेल्श लोकांची गाण्या-कवितांची स्पर्धा, आणि तिथे जिंकणाऱ्याला हे लोक लढाई मारून आलेल्या माणसासारखा मान देतात. इव्हाननं स्वतः एका स्तोत्राची चाल बांधली आणि पहिलं बक्षीस घेतलं.

"ती चाल कशी आहे?" चित्रलेखानं विचारलं.

ग्लिननं घसा साफ केला आणि तो गुणगुणू लागला. खाली गेला, खालीच राहिला, एकदा दोन पायऱ्या चढला, पुन्हा खाली आला. चाल कसली, ओझं वाहणारा माणूस दमून चालावा तसं काहीतरी. चहाच्या टेबलामागे मेगन नावाच्या एक बाई वेल्श केक मांडत होत्या. हे केक म्हणजे तव्यावर भाजलेल्या, मनुका घातलेल्या जाड टिकल्या, आपल्या दशमीची गोरी मावसबहीण. मेगननं मान खाली घातली आणि ओठ दाबले. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही. ग्लिनच्याही नजरेतून सुटलं नाही.

"इथे सगळ्यांना वाटतं प्रिचर्ड मंडळी बढाया मारतात," तो म्हणाला. "माझ्या बापानं मला ही चाल शिकवली, त्याला त्याच्या बापानं. मी सत्तर वर्षं गुणगुणतोय आणि खरं सांगू, मलाही ती कधी चांगली वाटली नाही. मार्चमध्ये मी पर्थला मुलीकडे जातोय, तिथल्या वृद्धाश्रमात. जायच्या आधी एकदा कळलं पाहिजे की आजोबा खरंच काहीतरी होता, की आम्ही उगाच त्याचं नाव मिरवत आलो."

चालीचा मूळ कागद फोटोशेजारी काचेत होता. त्यावर स्वरांच्या खुणा नव्हत्या, पाच रेघा नव्हत्या. नुसती अक्षरं. मधे टिंबं, आडव्या रेघा. ईशानी म्हणाली, "लुक्स लाइक अ पासवर्ड." ग्लिननं सांगितलं की खाणीतल्या लोकांना पियानो कुठला परवडायला, ते या अक्षरांवरच गाणं शिकायचे. आता ती वाचणारं गावात कुणी उरलं नाही. ब्रिस्बेनहून महिन्यातून एकदा येणाऱ्या ऑर्गनवाल्यानं ती कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिली, तर ट्रक रिव्हर्स घेतल्यासारखा आवाज आला.

चित्रलेखा त्या काचेला नाक लावून उभी होती. मग तिची नजर कोपऱ्यातल्या जुन्या तक्त्यावर गेली. त्यावर तीच अक्षरं जिन्यासारखी खालून वर चढत होती. सात अक्षरं, आणि आठवं पुन्हा पहिलं.

"अहो," ती म्हणाली, "हे नोटेशन आहे."

"काय?"

"सरगम आहे हो! हा सा, हा रे, हा ग. खाली रेघोटी म्हणजे मंद्र सप्तक. आडवी रेघ म्हणजे सूर धरून ठेवायचा. मी आयुष्यभर फळ्यावर दुसरं काय लिहिलं?" आणि मागे वळून, ज्या बाईनं दोन वर्षांत इथल्या दुकानात 'थँक यू'पलीकडे तोंड उघडलं नव्हतं ती ग्लिनला म्हणाली, "आय कॅन रीड. आय विल सिंग इट फॉर यू."

यंदा एक मार्च, म्हणजे त्यांच्या संत डेव्हिडचा दिवस, रविवारीच येत होता. त्या दिवशी गायचं ठरलं. हातात चार आठवडे होते.

ईशानीच्या फोनमधून कागदाचा फोटो निघाला, हार्मोनियम कपाटावरून खाली आली, आणि आमच्या घरात गोंधळ सुरू झाला. चित्रलेखा सकाळी चहाआधी बसायची. मधेच ओरडायची, "देवा! पंचम चढवलाय!"

"मग काय झालं?" मी पेपरमधून विचारलं.

"काय झालं काय? पंचम अचल असतो. तो कुणी हलवत नाही. आणि हे गाणं सा सोडून धैवतावर घर करून बसलंय. माणूस विद्वान होता की वेडा, काही कळत नाही."

"स्पर्धा जिंकला ना? मग दोन्ही असेल."

कागदावर एकाखाली एक चार ओळी होत्या. तिनं चारी पाठ केल्या. तिचं म्हणणं, हे चार अंतरे आहेत. पहिला सुंदर, दुसरा जरा उदास, तिसरा उगाच इकडेतिकडे भटकतो, आणि चौथा म्हणजे विहिरीत बादली सोडल्यासारखा; म्हाताऱ्यानं गुणगुणला तो हाच, त्याला शेवटचा तेवढा आठवत असणार. "शेवटी इतकं खाली का नेलं असेल?" ती म्हणायची, आणि स्वतःच उत्तर द्यायची, "असेल त्यांची पद्धत."

पुढच्या शनिवारी चॅपेलमध्ये वीस-पंचवीस माणसं जमली होती. बातमी पसरली होती की इंडियातून आलेली कुणी बाई प्रिचर्डची चाल गाणार. चित्रलेखानं हिरवी इरकल नेसली होती. टेबलावर हार्मोनियम ठेवली, डोळे मिटले आणि पहिली ओळ गायली.

माणसं हलायची थांबली. मी तिच्याकडे नाही, लोकांकडे बघत होतो, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांना ही चाल आवडली. ग्लिन पुढे वाकून ऐकत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. ही चाल त्यानं कधी ऐकलीच नव्हती.

मग तिनं दुसरी ओळ घेतली. लोक एकमेकांकडे बघू लागले. तिसरी सुरू झाली तशी मेगननं हात तोंडावर नेला. मागच्या बाकावर एकजण फिसकन हसला, आणि त्याचं बघून दुसरा. चित्रलेखाचे डोळे मिटलेले. ती चौथ्या ओळीला पोचली, ती विहिरीतली बादली, आणि ग्लिन ताडकन उभा राहिला. "हीच! हीच ती!" असं म्हणून तो तिच्याबरोबर गाऊ लागला.

गाणं थांबल्यावर मेगन पुढे आल्या. बाई मायाळू होत्या, हे मी आजही म्हणतो. त्यांनी चित्रलेखाच्या खांद्यावर हात ठेवला. "लव्ह," त्या म्हणाल्या, "ही चार कडवी नाहीत. हे चार आवाज आहेत. चौघांनी चार ओळी एकाच वेळी गायच्या असतात."

चित्रलेखाला ते कळायला एक क्षण लागला. आपल्याकडे गाणं म्हणजे एक ओळ. हजार माणसं आरती म्हणोत, ती एकच चाल म्हणतात. चार माणसांनी एकाच वेळी चार निराळी गाणी म्हणायची आणि त्याला एक गाणं समजायचं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिनं भाता बंद केला. कान लाल झाले होते. तेहेतीस वर्षं मुलींना शिकवलेली बाई परक्या गावात पहिल्यांदा तोंड उघडते आणि लोक हसतात. मला त्या मागच्या बाकावरच्या माणसाला धरून हलवावंसं वाटलं. तो माझ्याहून दुप्पट होता, म्हणून वाचला.

परत येताना मी घाट चढवून गाडी वर आणली. मग ईशानी हळूच म्हणाली, "आजी, इट्स फाइन. नोबडी विल रिमेंबर."

"सोडून दे गं," मीही म्हणालो. "आपलं काय अडलंय? त्यांची चाल, त्यांचं चॅपेल. आपण पाहुणे."

"शिरीष," ती म्हणाली. नावानं हाक मारली की प्रकरण गंभीर असतं. "तो म्हातारा काय म्हणाला ऐकलंत का तुम्ही? निघताना मला म्हणाला, म्हणजे मी आयुष्यभर फक्त तळ गुणगुणत होतो, वरचं काही ऐकलंच नाही. त्याचा आजा खर्जात गायचा, बाप खर्जात, तो खर्जात. घरात तेवढी एकच ओळ उरली. आणि त्या एका ओळीवरून सगळ्यांनी ठरवून टाकलं की आजा फुकटचा. वरच्या तिन्ही ओळी आज या भागात फक्त मला येतात. मी सोडून देऊ?"

मी आयुष्यात पुष्कळ वाद हरलोय, पण इतक्या लवकर कधी नाही.

तिनं मेगनना फोन केला. इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण आवाज शाळेतला होता. चार गट करा. बुधवारी आणि शनिवारी या. कागद आणायचा नाही, वाचायचं नाही, मी म्हणेन तसं माझ्यामागून म्हणायचं. शब्दांची अडचण नव्हती. त्यांच्याकडे त्या मापाचं एक जुनं वेल्श स्तोत्र होतं, ते तसल्या कोणत्याही चालीत बसतं. अडचण होती ती चाल माणसांच्या गळ्यात उतरवायची, आणि तिथे तिच्यासमोर उभं राहील असं कुणी नव्हतं. चुकून का होईना, तिनं चारी ओळी पूर्ण गाणं म्हणून पाठ केल्या होत्या. एकेक ओळ तिला आरंभापासून शेवटपर्यंत येत होती.

उंच आवाजाच्या बायका चॅपेलमध्ये, खालच्या आवाजाच्या मागच्या खोलीत, उंच आवाजाचे पुरुष स्वयंपाकघरात, आणि बेस पत्र्याच्या शेडमध्ये. चित्रलेखा हार्मोनियम घेऊन या खोलीतून त्या खोलीत. ती एक तुकडा गायची, ते म्हणायचे. चुकलं की पुन्हा. पुन्हा चुकलं की दहा वेळा. मागच्या बाकावर हसलेला तो आडदांड गडी स्वयंपाकघरात तिच्यासमोर शाळकरी पोरासारखा उभा राहून चौदाव्यांदा एक जागा घोटत होता, आणि मला मनातून फार बरं वाटत होतं. मेगनला तिनं सांगितलं, "नो स्माइल. फर्स्ट सूर, देन स्माइल." त्या बिचाऱ्या 'येस, चित्रा' म्हणाल्या. ईशानी दारात बसून प्रोजेक्टसाठी सगळं टिपत होती. एकदा मला म्हणाली, "आजोबा, शी इज सो स्ट्रिक्ट! हे लोक घाबरतात तिला."

"घाबरायलाच पाहिजे," मी म्हणालो. "ती बाई आहे."

सगळ्यांना एकत्र मात्र तिनं गाऊ दिलं नाही. ज्याची त्याची ओळ झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजे, मगच मेळ, असा तिचा हुकूम. आणि बेसमध्ये माणसं होती दोन. ग्लिन, आणि रॉस नावाचा गाईगुरं पाळणारा एक शेतकरी.

"तुम्ही उभे राहा," ती मला म्हणाली.

"मी? मला गाता येतं का?"

"नाही येत. पण आवाज घोगरा आहे आणि दुसरं कुणी नाही."

अशा गौरवाने माझी निवड झाली. मी ग्लिनशेजारी शेडमध्ये उभा राहिलो आणि विहिरीत बादली सोडायला शिकलो. ग्लिन मला वेल्श शब्द सांगायचा. त्यांचा एक उच्चार असा आहे की जीभ टाळूला लावून बाजूनं हवा सोडायची. तो मला जमेना, तेव्हा तो म्हणाला, "काळजी करू नकोस, मेट. इंग्लिश लोकांनाही येत नाही." घरी मी ती ओळ गाडीत म्हणायचो, अंघोळीला म्हणायचो. मिहिर म्हणाला, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

शेवटच्या शनिवारी चारी ओळी एकत्र करायच्या होत्या. पण शुक्रवारपासून पाऊस लागला, ओढ्यांवर पाणी आलं आणि घाट बंद झाला. रविवारी सकाळी रस्ता उघडला तेव्हा आम्ही निघालो. वाटेत चित्रलेखा मांडीवर ताल धरून बसली होती. मी विचारलं, "एकत्र कधीच गायलेलं नाही. जमेल?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी तरी कुठे ऐकलंय?"

चॅपेल भरलं होतं. बायकांच्या छातीवर डॅफोडिल, वेल्सची पिवळी फुलं, पण कापडाची, कारण इकडे मार्चमध्ये खरी फुलत नाहीत. ग्लिनची मुलगी पर्थहून त्याला न्यायला आली होती. मी भिंतीलगत बेसच्या बाकावर गेलो, तर तिथे ग्लिन एकटाच. रॉसच्या रस्त्यावर अजून पाणी होतं, तो येऊ शकत नव्हता.  "फक्त तू आणि मी," तो म्हणाला. 

मेगननं थोडक्यात सांगितलं की हे इव्हान प्रिचर्डचं आहे आणि नव्वद वर्षांत कुणी पुरतं गायलेलं नाही. चित्रलेखा पुढे येऊन उभी राहिली. काठी नाही, हातवारे नाहीत. तिनं हार्मोनियमवर चारी गटांना चार सूर दिले आणि मग उजव्या हातानं, वर्गात धरायची तसा, डाव्या तळव्यावर ताल धरला. समेला सगळ्यांनी तोंड उघडलं.

मी माझी बादली सोडली. आणि वरून काहीतरी येऊन तिच्यावर बसलं.

मला संगीतातलं कळत नाही, म्हणून जे झालं तेच सांगतो. तीन आठवडे मी जी कंटाळवाणी ओळ घोटत होतो, तीच होती, एका सुराचाही फरक नाही. पण आता तिच्यावर माणसं उभी होती. बायकांचा आवाज वर चढत होता, तो माझ्या खालच्या सुरावर पाय देऊन चढत होता. दुसरी उदास ओळ पहिलीला धरून होती. तिसरी, ती भटकी, बाकीच्यांच्या मधल्या रिकाम्या जागा भरत फिरत होती. उगाच नव्हती भटकत. आणि खालच्या आवाजाच्या बायकांच्या ओळीत तो चढा पंचम आला. एकटा असताना कानाला टोचायचा. तिथे तो आला, आणि सगळं गाणं त्याच्या मागून सरळ घरी गेलं. चित्रलेखाचे डोळे मोठे झाले. तिचा तालाचा हात मात्र हलला नाही.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की शेजारचा आवाज बंद झालाय.

मी तिरक्या डोळ्यांनी पाहिलं. ग्लिन गात नव्हता. तो बायकांच्या बाकांकडे तोंड करून उभा होता, ओठ अर्धवट उघडे, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा तो आजोबाचं गाणं ऐकत होता. त्याला गायचं भानच राहिलं नव्हतं. आणि खालची ओळ, जिच्यावर ते सगळं उभं होतं, ती आता माझ्या एकट्याच्या घोगऱ्या गळ्यावर होती.

चित्रलेखानं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. तिनं भुवई नाही उचलली, धीरही नाही दिला. शाळेतल्या पोरीकडे बघावं तशी बघत राहिली, सूर सोडलास तर याद राख. मी नाही सोडला. छाती फुटेपर्यंत धरला. मी पुण्याचा, पंप तपासणारा माणूस, वेल्सच्या एका खाणकामगाराची ओळ क्वीन्सलँडमध्ये एकटा उचलून उभा होतो, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की मी नको तेवढा मोठ्यानं गात होतो.

गाणं संपलं. चॅपेलमध्ये टाळ्या वाजवत नाहीत.  मग मेगन बाकांकडे वळून म्हणाल्या, "प्रिचर्डनं ते बक्षीस उगाच नाही घेतलं."  ग्लिनच्या मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ग्लिन आजोबाच्या फोटोकडे बघत होता, आणि त्या ताठ म्हाताऱ्याची मान आणखी एक इंच वर गेली होती.

या लोकांचा एक रिवाज आहे. गाणं मनासारखं जमलं, तर शेवटचं कडवं पुन्हा म्हणायचं. मागच्या बाकावरून तोच आडदांड गडी म्हणाला, "अगेन, बाई!" हा शब्द त्याला ईशानीनं शिकवला असणार. चित्रलेखानं हसू दाबलं, चार सूर पुन्हा दिले आणि हात वर केला.

मी श्वास घेतला तेवढ्यात ग्लिननं माझ्या दंडावर हात ठेवला.

"या वेळी खालची ओळ मी धरतो," तो म्हणाला. "तू गाऊ नकोस. बायको तुझी आहे, तू ऐक."

मी तोंड मिटलं. शेजारी ग्लिननं आजोबाचा सूर लावला, वरच्या तिन्ही ओळी एकेक करून त्याच्यावर येऊन उभ्या राहिल्या, आणि भरलेलं चॅपेल माझ्या बायकोच्या हाताकडे बघत गात होतं. मी ऐकत राहिलो.